बायकांचा प्रवाहांक

अभिसरण संस्थेच्या तपासणी दालनात शाल्मली खाटेवर उताणी पडून चिक्की खात होती. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत गुंडाळलेले, पोटऱ्या उघड्या, आणि काचेपलीकडे बसलेल्या परक्या माणसांशी हातवारे करून गप्पा चाललेल्या. सोमवारी जिच्या दोन्ही पायांच्या धमन्यांवर कायमची जाळी चढायची आहे ती मुलगी हीच, असं सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

"शालू, नीट पड की गं. तपासणी आहे ही, सहल नव्हे."

"आजी, या खाटेला नीट-वेडंवाकडं काही कळत नाही. ती तिची तिची मोजते. तू बस बघू निवांत."

मंदाकिनीबाई बसल्या, पण निवांतपणा कुठला! ही इमारत त्यांनीच उभी केली होती. पायाभरणीच्या दिवशी नारळ फुटेना म्हणून गवंड्यानं हातोडा आणून दिला होता, तेसुद्धा त्यांना लख्ख आठवत होतं. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी इथं पाऊल टाकलं नव्हतं. जुन्या माणसानं नव्यांच्या कामात लुडबुड करू नये, असं त्या म्हणत. आणि आज आल्या त्या नातीसाठी, वशिल्याच्या माणसासारख्या. अशा माणसांना त्यांनी जन्मभर दारातूनच वाटेला लावलं होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं "अहो, बाई आल्या!" म्हणत लगबगीनं खुर्ची पुढे केली, तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं होतं.

दालनाच्या प्रमुख डॉ. ऋजुता घोरपडे आत आल्या. पस्तिशीच्या, काटक, बोलताना केसांचा चिमटा सतत काढून लावायची सवय असलेल्या.

"एकशे बेचाळीस," त्या म्हणाल्या. "पुन्हा तेच."

"हा आकडा म्हणजे नक्की काय, ते मला कुणी एकदा नीट सांगेल का?" शाल्मली उठून बसली. "माझे पाय आहेत म्हणून विचारते."

ऋजुतांनी तिच्या घोट्याचा पट्टा बोटानं दाखवला. "हा पट्टा फुगतो आणि पायातलं रक्त अडवतो. मग एकदम सुटतो. अडवलेलं पाणी सोडल्यावर पाट भरतो ना, तशी धमनी भरून उघडते. किती लवकर उघडते, किती मोठी उघडते, ते ही प्रवाहखाट ध्वनिलहरींनी बघते आणि दंडातल्या धमनीशी ताडून पाहते. त्यातून जो आकडा निघतो तो प्रवाहांक."

"मग जास्त उघडली तर चांगलंच की."

"पुरुषाला चांगलं. निरोगी पुरुषाचा प्रवाहांक एकशे चाळीसच्या आसपास येतो. बाईचा शंभर. बाईचा साठाच्या खाली गेला तर धमनी चोंदतेय असं समजायचं. एकशे तीसच्या वर गेला तर धमनीची भिंत सैल पडलीय. जुनं इलॅस्टिक सैल होतं तशी. त्याला शैथिल्य म्हणतात. सैल भिंतीला फुगा येतो, आणि एखाद्या दिवशी तो फुटतो."

"बायकांचा शंभर, हे कुणी ठरवलं?"

ऋजुतांनी केसांचा चिमटा काढला आणि पुन्हा लावला.

"मी," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

शाल्मली हसली. "घ्या! म्हणजे घरचाच आहेर."

ती हसली खरी, पण तिनं सगळा विचार करून झाला होता. सह्याद्रीच्या कड्यांवर अडकलेल्या लोकांना उतरवणाऱ्या बचाव पथकात ती काम करत होती. शैथिल्य ठरलं की पथकात राहता येत नाही. आणि धमनीवेष्टन केलं, म्हणजे धमनीभोवती ती बारीक जाळी गुंडाळली, की ती धमनीत रुजते. मग काढता येत नाही. चालता येतं, बाजारहाट करता येतो, पण कडा चढता येत नाही. मंदाकिनीबाईंनी तिला म्हटलं होतं, "नको करूस वेष्टन. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू." त्यावर ती म्हणाली होती, "आजी, माझ्या दोराला दुसऱ्याचा जीव लटकलेला असतो. तेव्हा फुटली म्हणजे?"

"बाई, चहा घ्यायला येता का माझ्या खोलीत?" ऋजुतांनी विचारलं. आवाजावरून कळत होतं, की बोलणं चहाचं नव्हतं.

*

खोलीचं दार लावून घेतल्यावर ऋजुतांनी भिंतीवर दोन आलेख उमटवले.

"बाई, रागावू नका, पण मला हे कुणाशी तरी बोलायचंय. शैथिल्याची साथ आलीय असं सगळे म्हणताहेत. विशी-पंचविशीच्या मुली, शहरातल्या जास्त. कुणी म्हणतं पाण्यात काही आहे, कुणी म्हणतं खाण्यात. ही साथ सुरू झाली ती नव्या प्रवाहखाटा आल्यापासून."

"मग खाटा तपासा."

"तपासल्या. पुरुषांचे आकडे जुन्या खाटेवर जेवढे होते तेवढेच नव्या खाटेवर येतात. खाट चुकत असती तर पुरुषांतही चुकली असती. आणि वयस्क बायकांचा शंभर तसाच आहे. फक्त मुलींचा चढलाय. आणि गंमत अशी, की या मुलींचे आकडे मुलग्यांच्या आकड्यांत मिसळले, तर वेगळे निवडून काढता येत नाहीत."

मंदाकिनीबाई आलेखाकडे बघत राहिल्या. "जुन्या आणि नव्या खाटेत फरक काय आहे?"

"काहीच नाही हो. मोजणी तीच. फक्त जुन्या खाटेला माणूस लागायचा. तुमच्या कार्यपद्धतीत होतं तसा."

"परीक्षकाने रुग्णाचे पाऊल दोन्ही हातांत घ्यावे," मंदाकिनीबाई हळूच म्हणाल्या. स्वतः लिहिलेलं वाक्य माणूस विसरत नाही.

"हो. पाऊल हलू नये म्हणून. आता खाटच ते धरते. कुणी हात लावत नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. काचेतून पलीकडचं दालन दिसत होतं. नव्या खाटेवर आता एक पोक्त बाई झोपली होती. खाटेच्या पायथ्याशी परीक्षकांची काच होती. ती बाई दोन्ही पावलं एकावर एक चढवून, साडीच्या निऱ्या पुन्हा पुन्हा खाली ओढत होती. खाट पुन्हा पुन्हा सांगत होती, "कृपया पाय सरळ ठेवा."

मंदाकिनीबाईंना माणदेश आठवला.

चाळीस वर्षांपूर्वी त्या आणि त्यांची तुकडी गावोगाव फिरत होती. काय दिवस होते! माणसं तेव्हा फोन हातात घेऊन फिरायची आणि दिसेल त्याचा फोटो काढायची. भाड्याची गाडी, गाडीच्या टपावर यंत्रांची खोकी, आणि गावात शिरताना दोन्ही बाजूंना फ्लेक्सच फ्लेक्स. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाला श्रद्धांजली. शाळेच्या वर्गात बाकं जोडून खाट करायची. दुपारी कुणाच्या तरी घरून भाकरी आणि हुलग्याचं माडगं यायचं. तशी चव पुन्हा जिभेला लागली नाही.

पुरुषांची तपासणी बाबू कंपाउंडर बाहेर पारावर करायचा. "काय नाना, पायाला भेगा हायत का नांगराची तासं?" असं म्हणायचा आणि पारावर हशा पिकायचा. पुरुष तंबाखू मळत पडून राहायचे.

बायका आत. त्यांच्यासाठी पडदा हवा होता. पडदा मिळेना, तेव्हा सरपंचांनी वाढदिवसाचा एक फ्लेक्स सोडवून दिला. छापलेली बाजू बाहेर केली तर पोरं साहेबांच्या तोंडाला शेण फासतील, म्हणून ती आत केली. त्यामुळे पांढऱ्या कपड्यांतले, हात जोडलेले, हसरे डझनभर पुरुष खाटेवर झोपलेल्या बाईकडे दिवसभर बघत होते. तेव्हा सगळी तुकडी यावर पोट धरून हसली होती.

आणि पाऊल धरायचं काम मंदाकिनीबाईंनी स्वतःकडे घेतलं होतं. बायकांच्या पायाला परपुरुषाचा हात नको, म्हणून. मदतनीस बाईलाही त्यांनी ते करू दिलं नाही. शहरातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी जमिनीवर बसून खेड्यातल्या बाईचं मातीनं भरलेलं पाऊल हातात घ्यावं, याचा त्यांना केवढा अभिमान वाटायचा! या बायकांना किती बरं वाटत असेल, असंही वाटायचं.

अनुसया नावाची एक होती. चाळिशीची, कपाळभर कुंकू लावलेली. पावलाला हात लागताच तिनं पाय आखडून घेतला.

"अवो बाई, ह्ये काय करताय? तुमी एवढ्या शिकल्याल्या, मोठ्या घरच्या. माज्या पायाला हात लावताय? पाप लागंल मला."

"पाप कसलं गं? पड गप."

"आन् मामंजी बसल्यात भाईर. पाय त्येंच्याकडंच झाल्यात."

"मामंजींना इथलं काय दिसतंय?"

"त्येंला न्हाई दिसत. मला दिसत्यात की."

बाई हसल्या होत्या. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि तपासणी संपेपर्यंत काढला नव्हता. वर पत्रा तापलेला, वैशाखाचे दिवस, आणि तिचं पाऊल बर्फासारखं गार होतं. सगळ्याच बायकांची पावलं गार होती. मंदाकिनीबाईंनी त्याला नावही दिलं होतं, स्त्रीसुलभ आकुंचन. बायकांच्या धमन्या निसर्गतःच आखडलेल्या असतात. परिषदेत या शब्दाला टाळ्या पडल्या होत्या.

"बाई? चहा गार होतोय."

"ऋजुता, माणूस लाजला की काय होतं?"

"गाल लाल होतात."

"ते सगळ्यांना दिसतं. त्याच वेळी पाय गार पडतात, ते कुणी बघत नाही. माणूस मेल्याहून मेल्यासारखा झाला, की पायांच्या धमन्या आखडतात. भीतीनं आखडतात, तशाच. पट्टा सोडल्यावर त्या उघडू बघतात, आणि मन त्यांना उघडू देत नाही."

ऋजुता म्हणाल्या, "पण तुमच्यानंतर पाच-सहा सर्वेक्षणं झाली. प्रत्येकात शंभरच आला."

"माझीच कार्यपद्धती वापरून. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी मोठ्या माणसानं बाईचं पाऊल हातात घेतलं. माझी चूक मी नियम करून सगळीकडे पाठवली." त्यांनी कप दूर सरकवला. "मी बायकांच्या धमन्या मोजल्याच नाहीत. मी त्यांची लाज मोजली आणि तिला निरोगी म्हटलं. ही पोरं खाटेवर चिक्की खात पडतात, त्यांना कशाची लाज नाही, आणि त्यांचा आकडा येतो तोच खरा माणसाचा आकडा. बाईचा आणि पुरुषाचा एकच."

"म्हणजे शाल्मलीला काही झालेलं नाही."

"काही झालेलं नाही."

ऋजुतांचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. त्या हुशार होत्या. पुढचं गणित त्यांना करायला लागलं नाही, ते आपोआप झालं.

"बाई, खरा सामान्य आकडा एकशे चाळीस असेल, तर शंभर म्हणजे..."

"काहींचा लाजेनं. आणि काहींचा खरंच चोंदत आल्यामुळे. आपल्याला त्या दोघी सारख्याच दिसल्या."

"आणि आपण त्यांना काय सांगितलं?"

"बायकांचं असंच असतं, असं सांगितलं."

हे वाक्य त्यांनी नलूवहिनींनाही सांगितलं होतं. नलूवहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई. मंडईतून येताना पोटरीत गोळे येतात, दर कोपऱ्यावर उभं राहावं लागतं, असं म्हणायच्या. मंदाकिनीबाईंनी घरीच पट्टा लावून पाहिलं होतं, वहिनींचं पाऊल आपल्या मांडीवर घेऊन. वहिनी ओशाळून म्हणाल्या होत्या, "तुम्ही एवढ्या मोठ्या डॉक्टर, आणि माझे पाय कसले धरता!" आकडा अठ्ठ्याण्णव आला होता. "वहिनी, अगदी ठणठणीत आहात." पुढच्या वर्षी अंगठा काळा पडला, आणि दिवाळीच्या आत गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. नशीब, असं सगळे म्हणाले. मंदाकिनीबाईही म्हणाल्या होत्या.

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही तो बराच वेळ डोळ्यांवर चढवला नाही.

*

मानक समितीचे अध्यक्ष डॉ. अभिराम सबनीस वरच्याच मजल्यावर बसत. ते बाईंचे जुने विद्यार्थी. बाई आल्याचं कळताच समितीच्या सदस्य डॉ. केंजळे यांना घेऊन ते स्वतः खाली आले. सगळं ऐकताना त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. ऐकायची सवय त्यांना बाईंनीच लावली होती.

"बाई, तर्क सुंदर आहे," ते शेवटी म्हणाले. "पण स्त्रीपट, म्हणजे बायकांसाठीचा हा शंभराचा वेगळा तक्ता, रद्द करायचा, तर चाळीस वर्षांत ज्यांना आपण निरोगी म्हणून घरी पाठवलं, त्या सगळ्या बायकांना परत बोलवावं लागेल. नुसत्या तर्कावर मी ते करू शकत नाही. तुम्हीही मला करू दिलं नसतं."

"पुरावा काय हवा?"

"एकच मुलगी, एकच खाट, एकच दुपार. लाजेनं आकडा उतरलेला दाखवा. आणि लाज गेल्यावर तो परत चढलेला दाखवा. दोन्ही हवं. नुसताच उतरला, तर मी म्हणेन की आधीच्या मोजण्या चुकल्या होत्या. आत्ताची बरोबर."

"रास्त आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. विद्यार्थी चांगला तयार झाला होता. तेही त्या दिवशी टोचलं.

"माझ्यावर करा की," दारातून आवाज आला. शाल्मली कधीची येऊन उभी होती. "कायकाय करायचंय ते करा. मला कसली आलीय लाज!"

"काय करणार ते आधी सांगायचं नाही," ऋजुता म्हणाल्या. "नाहीतर ती तयारीत राहील."

शाल्मली पुन्हा खाटेवर पडली. घोट्याला पट्टा चढला. सबनीस, केंजळे आणि दोन परीक्षक पायथ्याशी उभे राहिले. भिंतीवर आकडा उमटला. एकशे बेचाळीस.

मंदाकिनीबाई पुढे आल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी त्या खाटेपाशी जमिनीवर बसल्या आणि नातीचं पाऊल त्यांनी दोन्ही हातांत घेतलं. अगदी माणदेशात घेत तसं.

"ए आजी, सोड! गुदगुल्या होतात!" शाल्मली खिदळली. "काय चाललंय काय तुझं? नखं कापतेयस का माझी?"

परीक्षक हसले. पट्टा फुगला, सुटला. एकशे अडतीस.

"हा फरक काही नाही," केंजळे म्हणाल्या.

सबनीसांनी घसा खाकरला. "बाई, राहू द्या. उठा तुम्ही. हे बरं दिसत नाही."

मंदाकिनीबाई उठल्या नाहीत. त्यांना दिसलं, की लाज काही हातातून पायात शिरत नाही. अनुसयेला ती आधीच शिकवलेली होती. सासऱ्यानं, गावानं, आणि फ्लेक्सवरून हसणाऱ्या सगळ्यांनी. या पोरीला त्यांनी स्वतः लहानपणापासून वाढवलं होतं आणि ते शिकवायचं कटाक्षानं टाळलं होतं. आपल्या संसारात एवढी एक गोष्ट आपण धड केली, असं त्यांना वाटायचं.

सोमवार दोन दिवसांवर होता.

त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. आयुष्यात त्यांनी तो फार वेळा घेतला नव्हता. दोन्ही हात जोडले, आणि पिकलेलं डोकं खाली वाकवून त्यांनी कपाळ नातीच्या पावलांवर टेकवलं. सगळ्यांच्या देखत. आणि ते तिथंच ठेवलं.

"आजी! आजी, नको! काय करतेयस? उठ ना गं!" शाल्मली ओरडली. तिला पाय ओढून घ्यायचे होते, पण खाटेनं ते धरून ठेवले होते. "डॉक्टर, तिला उठवा ना कुणीतरी! सर, बघत काय बसलात?"

कुणीही हललं नाही. सबनीस भिंतीकडे तोंड करून उभे होते. शाल्मलीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

पट्टा फुगला. सुटला.

मंदाकिनीबाईंना आकडा बघावा लागला नाही. कपाळाखालची पावलं गार पडत चालली होती. तो गारवा त्यांच्या ओळखीचा होता.

"नव्व्याण्णव," ऋजुता म्हणाल्या.

*

बाईंना धरून खुर्चीवर बसवलं. सबनीसांचे डोळे ओले झाले होते, पण ते अध्यक्षही होते. "उतरला," ते म्हणाले. "मान्य. आता चढू द्या."

चढेल, असं सगळ्यांनाच वाटत होतं. ऋजुतांनी सगळ्यांना पायथ्यापासून दूर केलं. परीक्षकांपैकी एकानं मुद्दाम एक पांचट विनोद सांगितला. शाल्मलीनं हसल्यासारखं केलं. शंभर.

तिला पाणी दिलं. खाटेचे पट्टे सैल केले, थोड्या वेळानं पुन्हा बांधले. अठ्ठ्याण्णव.

"शालू, त्या कड्याचं सांग ना," ऋजुता म्हणाल्या. "त्या बोकडाला उतरवलंस ते."

"होता एक बोकड," शाल्मली म्हणाली. "उतरवला."

एकशे एक.

दुपार कलली. सबनीसांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण केंजळ्यांनी पाहिलं. शेवटी सबनीस बाईंच्या शेजारी येऊन बसले.

"बाई, सलग इतक्या मोजण्या शंभराच्या आसपास. समितीच्या दृष्टीनं ही मुलगी सामान्य आहे. तिचं सोमवारचं वेष्टन मी रद्द करतो. पण पट..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"पट चुकीचा आहे, अभिराम. तुझ्या डोळ्यांदेखत मी तिला सामान्य केलं."

"मी पाहिलं ते मला समजलं, बाई. पण कागदावर काय लिहू? परत चढला नाही."

"सर, मला वाटतं यातून एक मार्ग निघतोय," डॉ. केंजळे म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या, चेहऱ्यावर थोडा उत्साहही होता. "शैथिल्याच्या ज्या मुली वेष्टनासाठी थांबल्यात, त्यांची एकदा अशीच फेरतपासणी करून घेऊ. घरातल्या वडीलधाऱ्या कुणालातरी बोलवायचं. शस्त्रक्रियेपेक्षा किती सोपं! मुलींचे पायही वाचतील, आणि पटालाही हात लावायला नको."

ऋजुतांनी केसांचा चिमटा काढला. तो हातातच राहिला.

मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांपुढे गावोगावच्या आज्या येऊन उभ्या राहिल्या. रांगेत, पदर घेऊन, नातींचे पाय वाचवायला आलेल्या. एकही आजी नाही म्हणणार नव्हती. त्या स्वतः तरी कुठं म्हणाल्या होत्या?

"नाही," त्या म्हणाल्या. "ती चढवून दाखवेल. थोडा वेळ द्या." मग त्या काठी टेकत खाटेपाशी गेल्या. शाल्मली छताकडे बघत होती. तिचे गाल अजून लाल होते.

"शालू, झालं ते झालं. प्रयोग होता तो, बाळा. तुझ्यासारख्या कितीतरी मुली आहेत, आणि कितीतरी बायका. तुझा आकडा चढला तर त्या सगळ्या सुटतील. तू कशाला लाजतेस? लाजायचं ते मी."

"मला कळतंय गं," शाल्मली म्हणाली. तिनं आजीकडे पाहायचा प्रयत्न केला, पण नजर बाईंच्या कपाळापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. "मी विसरायचा प्रयत्न करतेय. खरंच करतेय. आजी, तू जरा बाहेर जातेस का?"

मंदाकिनीबाई बाहेर गेल्या. दार त्यांनी हळूच लावून घेतलं. आत पट्टा फुगल्याचा आवाज आला, मग सुटल्याचा. त्या काचेकडे वळल्या नाहीत. आकडा कुणीतरी सांगेल म्हणून त्या दाराशी उभ्या राहिल्या.

बराच वेळ कुणी काही सांगितलं नाही.